प्रोसेसर आपले, मग त्यांची कागदपत्रंही आपणच लिहूया

नाशिक रोड, जेल रोड, उपनगर, देवळाली कॅम्प, एकलहरे या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर शिकणारी मुलंमुली गल्लोगल्ली आहेत. कुणी आयटीआयला, कुणी डिप्लोमाला, कुणी डिग्रीला. यांतल्या पुष्कळांनी रास्पबेरी पाय हाताळलेला असतो, त्यावर एलईडी लुकलुकवून झालेले असतात, कॅमेरा जोडून झालेला असतो. या सगळ्यांना, त्यांच्या शिक्षकांना आणि सातपूर, अंबड, सिन्नरला कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या मंडळींना मला एका कामाबद्दल कळकळीने सांगायचं आहे. प्रोसेसरची ऑपरेटिंग सिस्टिमशी ओळख करून देणारं वर्णन कसं लिहायचं, याचे नियम लिहून ठेवण्याचं ते काम. त्यासाठी महागडी लॅब लागत नाही. साधा लॅपटॉप, इंटरनेट आणि नीट वाचायची सवय एवढं पुरतं. तरीही या कामाला माणसं कमी पडतात.

आधी ते लागतंच कशाला, ते पाहू. यूएसबीला पेनड्राइव्ह लावला की आपण कोण, कुठल्या कंपनीचे, हे तो स्वतःच सांगतो. मोबाइल, राउटर, सेट-टॉप बॉक्स यांच्या चिपमधली बरीचशी अंगं मात्र मुकी असतात. कोअर किती, त्यांना जागं कसं करायचं, कुठली कॅश कुणाकुणात वाटलेली आहे, सिरिअल पोर्ट कुठल्या पत्त्यावर आहे, हे लिनक्सला आपोआप कळत नाही. अंदाजाने शोधायला गेलं आणि भलत्या पत्त्याला हात लागला, तर मशीन जागीच अडकू शकतं. म्हणून बोर्ड सुरू होताना बूटलोडर लिनक्सच्या हाती एक तयार वर्णन देतो. त्याचं नाव डिव्हाइस ट्री. जमीन बोलत नाही, सातबारा बोलतो. तसा हा बोर्डचा सातबारा समजा. आणि गाव नमुना सातमध्ये रकाने कुठले, क्षेत्र कुठल्या एककात भरायचं, हे जसं आधीच ठरलेलं असतं, तसं डिव्हाइस ट्रीत काय, कुठे आणि कुठल्या रूपात लिहायचं हे जी फाइल ठरवते, तिला स्कीमा म्हणतात. माझं बोलणं या दुसऱ्या फाइलबद्दल आहे.

डिव्हाइस ट्रीची ही पद्धत आली सन कंपनीच्या स्पार्क कॉम्प्युटरांवरून. त्यांच्या ओपनबूट या फर्मवेअरमध्ये हार्डवेअरचं असं झाड असे. 1994 मध्ये आयईईई 1275 या नावाने त्याचं मानक झालं. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने घडवलेला ‘अजित’ हा प्रोसेसर त्याच स्पार्क घराण्याच्या आठव्या आवृत्तीचे आदेश पाळतो. मोहालीच्या सरकारी कारखान्यात 180 नॅनोमीटर तंत्राने तो तयार झाला. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राचा ‘वेगा’ हे रिस्क-फाइव्ह घराण्यातले. सी-डॅकचं मुख्यालय तर आपल्या पुण्यातच आहे. म्हणजे देशात प्रोसेसर घडायला लागले आहेत. पण चिप घडली म्हणून ती लगेच लोकांच्या हाती वापरण्यासारखी होत नाही. तिचं वर्णन, त्या वर्णनाचे नियम आणि ते नियम समजावणारा मजकूर एवढं झाल्याशिवाय दुसऱ्या गावातला माणूस तिच्यावर लिनक्स चालवू शकत नाही. घडवणाऱ्यांना बहुतेक वेळा या लिखाणाला सवड नसते. ती आपण काढली पाहिजे.

लिखाण नसलं तर काय होतं, हे एआरएम प्रोसेसरांच्या जगाने भोगलेलं आहे. एकेका बोर्डासाठी लिनक्समध्ये सी भाषेतली वेगळी फाइल घालायची प्रथा होती. बोर्ड वाढले, फाइली वाढल्या, सारखाच कोड पुन्हापुन्हा येऊ लागला आणि 2011 मध्ये लिनक्सचे कर्ते लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्या गोंधळावर उघड नाराजी व्यक्त केली. तेव्हापासून एआरएम डिव्हाइस ट्रीकडे वळलं. पण नियम साध्या मजकुराच्या फाइलींत होते. ते माणसाने वाचायचे आणि माणसानेच पाळायचे, त्यामुळे चुका राहूनच जात. लिनक्समधल्या डिव्हाइस ट्रीची देखरेख करणारे रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने 2018-19 पासून हे नियम यामल या मांडणीत, यंत्राला तपासता येतील असे लिहायला सुरुवात झाली. आज स्कीमा म्हणतात तो हा.

कुणाकडे रास्पबेरी पाय 4 असेल तर त्यावर टर्मिनल उघडा. प्रॉक फोल्डरमध्ये डिव्हाइस-ट्री आहे, त्यात सीपीयूज आहे, त्यात चार कोअरचे चार फोल्डर. पहिल्यात ‘कम्पॅटिबल’ नावाची फाइल वाचा, एआरएम आणि कॉर्टेक्स-ए72 ही नावं दिसतील. ‘एनेबल-मेथड’ वाचा, तिथे ‘स्पिन-टेबल’ असेल. याचा अर्थ असा, की बोर्ड सुरू झाल्यावर पहिला कोअर कामाला लागतो आणि बाकीचे तीन मेमरीतल्या एका ठरावीक जागेकडे नजर लावून थांबतात. त्या जागेवर लिनक्सने पत्ता लिहिला की ते उडी मारून त्या पत्त्यावर जातात. ती जागा कुठली, हे ‘सीपीयू-रिलीज-ॲड्र’ या गुणधर्मात असतं. हेक्समध्ये पाहिलं तर चार कोअरसाठी डी8, ई0, ई8 आणि एफ0 असे आकडे मिळतील. प्रत्येकात आठ बाइटचं अंतर आहे, कारण पत्ता 64 बिटचा. आता लिनक्सच्या दस्तऐवजांच्या फोल्डरमध्ये एआरएमच्या सीपीयूजची यामल फाइल उघडा. कोअरच्या वर्णनात प्रकार, क्रमांक आणि कम्पॅटिबल या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत, आणि स्पिन-टेबल असेल तर ती जागाही द्यावीच लागते, हे तिथे लिहिलेलं आहे. हातातला बोर्ड आणि तो नियम एकदा शेजारी ठेवून वाचा. त्यानंतर हा विषय परका वाटणार नाही.

तपासणीची खरी गरज मुक्या चुकांसाठी आहे. कोअरला रिकाम्या वेळेत किती गाढ झोपवायचं, हे ‘सीपीयू-आयडल-स्टेट्स’ या गुणधर्माने सांगतात. कुणी शेवटचा ‘स’ विसरला, तर लिनक्स तक्रार करत नाही. त्या नावाचा गुणधर्म सापडला नाही, म्हणजे गाढ झोप नाही, असं धरून ते पुढे जातं. उपकरण चालतं, चाचणी पास होते, फक्त बॅटरी लवकर उतरते, आणि चूक कुठे आहे हे महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही. स्कीमात ‘यादीबाहेरचं नाव चालणार नाही’ असं एका ओळीत सांगता येतं. ती ओळ असेल तर हीच चूक उपकरण बाहेर पडण्याआधी, तपासणीच्या पहिल्या फेरीतच पकडली जाते.

लिखाणातली ढिलाई किती महाग पडते, याचं उदाहरण रिस्क-फाइव्हमध्ये आहे. प्रोसेसरला कुठले आदेश कळतात, हे पूर्वी अक्षरांच्या एका सलग माळेत लिहीत. पुढे मूळ मानकातच अक्षरांचा अर्थ सरकला. ‘आय’ या अक्षरात आधी जे आदेश धरलेले होते, त्यांतले काही वेगळे काढून त्यांना निराळी नावं दिली गेली. मग जुन्या बोर्डवरच्या त्याच माळेचा अर्थ काय लावायचा? यावर लिनक्समध्ये रिस्क-फाइव्हचं काम पाहणारे कॉनर डूली यांच्या कामातून 2023 मध्ये नवी पद्धत आली. पाया वेगळा सांगायचा, प्रत्येक जोड वेगळी सांगायची, आणि स्कीमात प्रत्येक जोडीपुढे ती मानकाच्या कुठल्या मंजूर आवृत्तीतली, हे वाक्यात लिहायचं. शक्ती आणि वेगासारख्या आपल्या प्रोसेसरांना हे थेट लागू पडतं. एका नेमक्या वाक्याने पुढच्या किती माणसांचे दिवस वाचतात, हे यावरून ध्यानात घ्या.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी सुरुवात लिनक्सच्या दस्तऐवजांतल्या जुन्या मजकुरी फाइलींपासून करावी. यामलमध्ये न आलेल्या फाइली अजून बऱ्याच आहेत. एखाद्या चिपची छोटी फाइल निवडा. ती चिप वापरणारी डिव्हाइस ट्री शोधा आणि मजकूर काय म्हणतो, प्रत्यक्षात लोकांनी काय लिहिलंय, हे ताडून पाहा. दोन्हींत फरक निघतो आणि खरा अभ्यास तिथेच होतो. डेटाशीट वाचल्याशिवाय शेजारच्या चिपची फाइल उचलून नाव बदलू नका. आकडे चुकीचे जातात आणि पुढे सगळे तेच उचलतात. वर्णन हार्डवेअरचं करा, लिनक्सचा ड्रायव्हर काय करतो त्याचं नको, कारण तेच वर्णन दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही वाचते. चिपचं नाव नेमकं लिहा, ‘या मालिकेतली कुठलीही’ असं मोघम नको. वेग असेल तर नावाच्या शेवटी हर्ट्झ, व्होल्टेज असेल तर मायक्रोव्होल्ट असं एकक लावा. शेवटी उदाहरण द्या, आणि ‘डीटी बाइंडिंग चेक’ची तपासणी एकही इशारा न येता पार पडेपर्यंत फाइल लिनक्सच्या परीक्षकांकडे पाठवू नका.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. एकदा स्वीकारलेला नियम सहसा मोडता येत नाही. शेतातल्या पंपाच्या कंट्रोलरमध्ये आज गेलेलं वर्णन दहा वर्षांनी आलेल्या नव्या लिनक्सलाही वाचता आलं पाहिजे, अशी या कामाची शिस्त आहे. म्हणून घाई नको. नोकरीत हाती आलेलं डेटाशीट गोपनीय असेल, तर लेखी परवानगी घेतल्याशिवाय त्यातलं काही बाहेर देऊ नका. पाठवलेल्या कामाखाली सही आपल्याच नावाने करायची असते आणि तिचा अर्थ ‘हे देण्याचा मला हक्क आहे’ असा आहे.

इंग्रजीची धास्ती अनेकांना अडवते. स्कीमातलं इंग्रजी अगदी आखूड असतं. ‘या कोअरचा क्रमांक’, ‘हर्ट्झमधला वेग’ एवढ्याच धर्तीची वाक्यं. भाषा अलंकारिक असली तर उलट ती काढायला सांगतात. ज्याला दहावीचं विज्ञान इंग्रजी शब्दांसकट समजलं, त्याला हे जमतं.

प्राध्यापकांना विनंती आहे, की शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत दरवर्षी एका तरी गटाला एखादा स्कीमा पुरा करायला द्या. परीक्षण बाहेरचे, अनुभवी लोक करतात, फुकट करतात, आणि केलेलं काम विद्यार्थ्याच्या नावावर कायम राहतं. मुलाखतीत दाखवायला याहून पक्का पुरावा नाही.

कारखानदारांनाही तेवढंच तळमळीने सांगतो. लिनक्स चालणारा बोर्ड तुम्ही बनवत असाल, तर त्याचं वर्णन आणि त्याचे नियम त्याच आठवड्यात लिहून घ्या. अनेक छोट्या युनिटमध्ये चिपचा कुठला पाय (पिन) कशाला जोडलाय, हे एकाच माणसाच्या डोक्यात असतं. तो पुण्याला गेला की बोर्ड दुरुस्त करणारा उरत नाही आणि गिऱ्हाईक तोडावं लागतं.

मित्रहो, सुट्टीत एक फाइल उचला. पहिला मसुदा बहुधा परत येईल, त्यात सात-आठ ठिकाणी दुरुस्त्या सुचवलेल्या असतील, आणि काहींचा सूर कोरडा असेल. तो मनाला लावून घेऊ नका. प्रत्येक सूचनेला उत्तर लिहा, फाइल सुधारा, आधीच्या आवृत्तीपासून काय बदललं ते खाली नोंदवा आणि दुसरी आवृत्ती पाठवा.