फडातील दंश आणि पेशीचे कुलूप

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतील गावे ओस पडू लागतात. ऊसतोड मजुरांचे तांडे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, आणि पुढले कित्येक महिने त्यांचे बिऱ्हाड फडाजवळच्या कोप्यांत असते. पहाटेच्या अंधारात उसात हात घालणाऱ्या या माणसांना सर्पदंशाचे भय नवे नाही. पावसाळ्यात गावी परतून शेतात राबताना ते भय त्यांची पाठ सोडत नाही. नवे आहे ते दंशानंतर शरीरात काय घडते याचे ज्ञान. आणि आपली व्यवस्था त्या ज्ञानाला जागते काय, हा खरा प्रश्न आहे.

घोणस आणि फुरसे यांच्या विषात प्रथिने कापणारी विकरे असतात. घोणशीचे विष रक्त गोठवणाऱ्या पाचव्या व दहाव्या घटकांना जागे करते, तर फुरशाचे विष थेट प्रोथ्रॉम्बिनवरच घाव घालते. दोहोंचा परिणाम एकच : अवेळी, अमर्याद थ्रॉम्बिन. गोठण्याची सामग्री अशी उधळली गेली की रक्त पुढे गोठेनासे होते, आणि हिरड्यांतून, लघवीतून, प्रसंगी मेंदूतही रक्तस्राव होतो.

थ्रॉम्बिनचे काम एवढ्यावरच संपत नाही. १९९१ साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शॉन कॉफलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीवरील एक विलक्षण ग्राही उजेडात आणले. सामान्यतः ग्राही हे कुलूप, आणि बाहेरून येणारे संप्रेरक ही त्याची किल्ली. येथे किल्ली कुलपालाच बांधलेली, पण आवरणाखाली झाकलेली असते. थ्रॉम्बिन ते आवरण कापते. उघडी पडलेली किल्ली त्याच कुलपात फिरते आणि पेशीला आज्ञा मिळते. बिंबाणू एकमेकांस चिकटतात ते याच आज्ञेने. अशा ग्राहींचे चार प्रकार आज ज्ञात आहेत. त्यांतील दुसरा ट्रिप्सिनसारख्या विकरांनी जागा होतो आणि दाह, वेदना व खाज यांत भाग घेतो.

या रचनेत एक कठोर सत्य दडले आहे. कापलेले आवरण पुन्हा सांधता येत नाही. पेशीला ते ग्राही मोडीत काढून नवे आणावे लागते. प्रतिसर्पविष रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते, झालेली कापाकापी ते परतवू शकत नाही. म्हणूनच येथे मिनिटांना मोल आहे. दंशाची जागा ब्लेडने चिरणे घातक का, हेही यावरून उमगावे : ज्याचे रक्त गोठत नाही, त्याला आणखी एक जखम देण्यात शहाणपण कसले?

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली या व्याधीला उपेक्षित रोगांच्या यादीत घातले, आणि २०२४ साली केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. आराखडा स्वागतार्ह आहे; परंतु त्याची कसोटी दिल्लीत नव्हे, फडाच्या बांधावर लागणार आहे.

त्यासाठी फार मोठी यंत्रे लागत नाहीत. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवावे. ते गोठले नाही, तर विषाने आपले काम सुरू केले आहे असे समजावे. ही चाचणी कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. तेथे प्रतिसर्पविष आणि ते देण्याचे धैर्य असलेला प्रशिक्षित डॉक्टर हवा, आणि फडापासून तेथवर पोचविणारे वाहन हवे. हंगामाचा करार करताना उचलीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या कारखान्यांनी व मुकादमांनी या वाहनाचा हिशेबही त्यातच मांडावा. पेशीचे कुलूप क्षणात उघडते. तेवढी घाई आपल्याला साधणार नाही, पण आजची दिरंगाई तरी खचितच टाळता येईल.