गणेशमान सिंह आणि नाकारलेले पंतप्रधानपद

नेपाळच्या लोकशाही आंदोलनाचे सर्वोच्च सेनानी गणेशमान सिंह यांनी एप्रिल १९९० मध्ये राजे वीरेंद्र यांनी देऊ केलेले पंतप्रधानपद नाकारले आणि ते कृष्णप्रसाद भट्टराई यांच्याकडे जाऊ दिले. या कृतीवर तीन आक्षेप घेतले जातात. ज्याच्या हाकेसरशी प्रजा रस्त्यावर आली, त्यानेच विजयानंतर कारभाराचा भार दुसऱ्यावर टाकणे म्हणजे कर्तव्यच्युती, हा पहिला. चौऱ्याहत्तर वर्षांचे वय आणि खंगलेली प्रकृती असता नकारात त्याग कसला, हा दुसरा. आणि पद नाकारूनही पक्षावरील हुकमत त्यांना सोडवली नाही, हा तिसरा.

पहिला आक्षेप त्यांच्या साऱ्या कारकीर्दीकडे पाठ फिरवतो. १९४० च्या धरपकडीत ते सापडले. त्या दडपशाहीत चौघांना १९४१ साली देहदंड झाला, गणेशमानांच्या वाट्याला जन्मठेप आली आणि १९४४ मध्ये ते तुरुंगातून निसटले. असे असूनही, ज्या राणा घराण्याच्या अंमलात ही शिक्षा झाली, त्याच घराण्यातील मोहन शमशेर १९५१ मध्ये संयुक्त मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले तेव्हा, संक्रमणकाळाची गरज ओळखून, गणेशमानांनी त्यांच्या हाताखाली उद्योग व वाणिज्य खाते पत्करले. पुढे १०९ पैकी ७४ जागा जिंकून आलेल्या विश्वेश्वरप्रसाद कोइराला यांच्या १९५९ च्या मंत्रिमंडळातही ते बसले, आणि १५ डिसेंबर १९६० रोजी राजे महेंद्रांनी ते सरकार बरखास्त करताच त्या मंत्रिपदाची किंमत सुंदरीजलच्या लष्करी बंदिवासात सुमारे आठ वर्षे मोजत राहिले. दोनदा जोखमीचे पद घेणाऱ्याला जबाबदारीचे भय होते, असे कोणत्या न्यायाने म्हणावे?

प्रकृतीचा आक्षेप त्याहून दुबळा आहे. नजरकैदेत असताही ज्या थकल्या देहाने आंदोलनाचे सेनापतित्व निभावले, तोच देह विजयाच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीपुरताच निकामी ठरला, हे तर्काला धरून नाही. शिवाय वार्धक्यामुळे सत्ता सोडणारे विरळा आणि वार्धक्यातही तिला चिकटणारे विपुल, हा तर सर्व देशांचा अनुभव आहे.

तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्यांश आहे, आणि तो लपवणे हा गणेशमानांचा सन्मान नव्हे. १९९१ च्या निवडणुकीत त्यांच्या पत्नी मंगलादेवी आणि पुत्र प्रकाशमान या दोघांनाही काठमांडूत पक्षाची उमेदवारी मिळाली, दोघेही पराभूत झाले, आणि त्यानंतर गिरिजाप्रसाद कोइराला यांच्या सरकारवर गणेशमानांनी धरलेला रोष तीव्र होता. मंगलादेवी राणाशाहीच्या काळातच स्त्रियांच्या हक्कांसाठी महिला संघ उभारणाऱ्या कार्यकर्त्या होत्या, म्हणून त्यांचा अधिकार स्वतंत्र मानावा लागेल. पुत्राच्या उमेदवारीचे समर्थन तितके सोपे नाही. परंतु गणेशमानांनी टीका केली ती उघड केली, आणि १९९४ मध्ये, आयुष्य ज्यात वेचले त्या नेपाळी काँग्रेसचाच त्याग केला; हुकमतीचा लोभी पुरुष हुकमतीचे साधन असे फेकून देत नाही.

खंडन इतके पुरे. आता मूळ कृतीचे मंडन. ८ एप्रिल १९९० रोजी पक्षांवरील बंदी उठली, तरी पंतप्रधानाची नेमणूक अद्याप राजाच्याच हुकुमाने व्हायची होती, आणि संयुक्त वाममोर्चा हा आंदोलनातील सहकारी असला तरी उद्याचा प्रतिस्पर्धी होता. अशा वेळी सर्वोच्च सेनानीनेच दरबाराकडून वस्त्रे स्वीकारली असती, तर प्रजेचा विजय हा एका पुरुषाला मिळालेल्या बक्षिसाच्या रूपाने दिसला असता. त्यांनी ती नाकारली, म्हणून काँग्रेस, वाममोर्चा आणि राजनियुक्त सदस्य यांच्या हंगामी मंत्रिमंडळाला सत्तेबाहेरच्या एका नैतिक शक्तीचा आधार लाभला. नोव्हेंबर १९९० मध्ये संविधान जाहीर झाले, मे १९९१ मध्ये निवडणूक झाली, आणि भट्टराई स्वतः काठमांडूत हरले तेव्हा त्यांनी निमूटपणे कारभार सोपवला. एका नकाराने राज्यकारभार खोळंबला असता, तर हा क्रम इतक्या सुरळीत घडला नसता.

म्हणून गणेशमानांचे मोठेपण केवळ निरिच्छतेत शोधणे चूक आहे. राष्ट्राचे काम अडले तेव्हा त्यांनी शत्रूच्या हाताखालीही पद घेतले, आणि आपल्या पद घेण्याने प्रजेच्या विजयाचे मोल उणावेल असे दिसले तेव्हा मित्रांच्या आग्रहालाही ते बधले नाहीत. मंत्र्याच्या कारकीर्दीची पारख त्याने भूषविलेल्या खात्यांवरून करू नये, या विवेकावरून करावी.