वॉशिंग मशीन आणि पाण्याचा हिशेब

महाकालीची चैत्र यात्रा सरली की चंद्रपुरात उन्हाचा खरा अंमल सुरू होतो. पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, विहिरी तळ गाठू लागतात आणि नळाच्या वेळेवर सबंध घराचा दिनक्रम बेतावा लागतो. लग्नसराईमुळे नेमक्या याच दिवसांत विद्युत उपकरणांच्या दुकानांत गर्दी असते. वॉशिंग मशीन घेणारा शिक्षक वा कारकून दुकानात दोन प्रश्न हमखास विचारतो : किंमत किती आणि हप्ता किती? एका धुण्याला पाणी किती लागते, हा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तो पहिला असावयास हवा.

वॉशिंग मशीन म्हणजे चैन, ही समजूत आता सोडून दिलेली बरी. धुणे हे घरातील सर्वांत कष्टाचे काम असून ते बहुधा स्त्रीच्याच वाट्याला येते. नोकरी करणाऱ्या स्त्रीला त्यासाठी पहाटेची झोप मोडावी लागते. या श्रमाला बाजारात किंमत नाही, म्हणून ते फुकट ठरत नाहीत. तेव्हा यंत्र घ्यावे की नाही हा वादाचा विषय नव्हे. कोणते घ्यावे, हा आहे.

प्रथम विजेचा विचार करू. धुण्याच्या यंत्रात मोटार फारशी वीज खात नाही. वीज खाते ते पाणी तापविणे. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.७ युनिट वीज लागते, हे शाळेतील भौतिकशास्त्राच्या गणितानेही काढता येते. आठवड्यातून चार वेळा गरम धुणे काढणाऱ्या घरात केवळ या सवयीपायी वर्षाकाठी दीडशेच्या आसपास युनिट खर्ची पडतात. शिवाय घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. म्हणजे वाढीव युनिटे सर्वांत चढ्या दराने भरावी लागतात. ज्या गावी मे महिन्यात गच्चीवरील टाकीच्या पाण्याने हात पोळतो, तेथे यंत्राने पुन्हा पाणी तापवावे यात शहाणपण नाही. दुखणाईताची अंथरुणे-पांघरुणे वगळता थंड पाण्याचे धुणे पुरेसे होते.

पाण्याचा हिशेब याहून गंभीर आहे. बनावटीनुसार आकडे बदलतात. तथापि सहा-सात किलो कपड्यांसाठी वरून उघडणारे पूर्ण स्वयंचलित यंत्र सामान्यतः शंभर ते दीडशे लिटर पाणी घेते, तर समोरून उघडणारे पन्नास ते सत्तर लिटरांत तेच काम उरकते. कारण साधे आहे. पहिल्यात कपडे पाण्यात बुडवावे लागतात. दुसऱ्यात आडवे पिंप फिरताना कपडे उचलले जाऊन थोड्या पाण्यात पुनःपुन्हा आपटले जातात. एका धुण्यात साठ लिटरांची बचत धरली, तरी आठवड्यास चार धुण्यांप्रमाणे वर्षाला साडेबारा हजार लिटरांचा फरक पडतो. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटरांचे प्रमाण धरले आहे. म्हणजे वरून उघडणाऱ्या यंत्राचे एक धुणे दोन माणसांचे दिवसभराचे पाणी पिऊन टाकते!

मग सर्वांनी समोरून उघडणारे यंत्र घ्यावे काय? तसे सरसकट सांगणे चुकीचे होईल. ते महाग असते. त्याला नळाचे पाणी पुरेशा दाबाने लागते, वीजही अखंड लागते आणि कमी फेसाची पावडर वापरावी लागते. चंद्रपूर, बल्लारपूरसारख्या शहरांत ज्यांच्या घरावर टाकी आहे त्यांना ते परवडेल. वापर बराच असेल तर वाढीव किमतीचा काही भाग पाणी व वीज यांच्या बचतीतून परतही येईल. परंतु गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला आहे. आडवळणाच्या गावी बदली झालेल्या शिक्षकाच्या घरी पाणी हातपंपावरून बादलीने येते आणि पावसाळ्यात तारेवर झाड कोसळले की वीज जाते. तेथे दोन पिंपांचे अर्धस्वयंचलित यंत्रच खरे उपयोगाचे. त्यात बादलीने पाणी ओतता येते, वीज गेल्यास कपडे हाताने काढून घेता येतात आणि मुख्य म्हणजे पाण्याची मालकी माणसाकडे राहते. पांढऱ्या कपड्यांचे शेवटचे खंगाळलेले पाणी पुढच्या मळक्या कपड्यांना वापरता येते. मात्र नळाची तोटी उघडी ठेवून खंगाळत बसल्यास हेच यंत्र सर्वांत उधळे ठरते.

बोअरचे पाणी जड असेल, तर तेही ध्यानात घ्यावे. अशा पाण्यात पावडर जास्त लागते, फेस कमी होतो आणि पाणी तापविणाऱ्या कांडीवर क्षारांचा थर चढून वीज वाया जाते. यंत्राच्या आकाराचा मोहही टाळावा. चार-पाच माणसांच्या कुटुंबास सहा-सात किलोचे यंत्र पुरते. दहा किलोचे यंत्र अर्धे रिकामे चालविले तर पाणी आणि वीज काही निम्मी होत नाही. उन्हाळ्यात दोरीवर तासाभरात कपडे वाळतात, तेथे कपडे वाळविणाऱ्या जोडयंत्रावर पैसे घालण्याचे कारण नाही.

या निवडीसाठी ग्राहकाच्या हाती एक साधन आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. त्याच्या तारांकित लेबलाकडे पाहताना केवळ तारे मोजू नयेत. किलोमागे वीज किती आणि किलोमागे पाणी किती लिटर, हे आकडे वाचावेत व दोन यंत्रांची तुलना त्यांवरून करावी.

येथे एक आक्षेप हटकून घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. केंद्राचे पाणी इरई धरणातून येते आणि शहराची तहानही तेच धरण भागविते. २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने जुन्या औष्णिक केंद्रांसाठी युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. त्या हिशेबाने एक हजार मेगावॉटचे संच तासभर पूर्ण क्षमतेने चालले, तर ३५ लाख लिटर पाणी लागते. मग गृहिणीच्या साठ लिटरांनी काय होणार?

उत्तर असे की, घरगुती काटकसर ही उद्योगाच्या हिशेबाला पर्याय नव्हे. २०१० च्या उन्हाळ्यात इरई आटल्याने केंद्रातील संच बंद ठेवावे लागले होते. पाण्याला मर्यादा असते, हे त्या वर्षी यंत्रांनाही कळले. केंद्राने पाण्याचा पुनर्वापर किती केला याचा जाब नागरिकांनी विचारलाच पाहिजे. पण मे महिन्यात घरातील पिंप रिते होते ते धरणाच्या वार्षिक ताळेबंदाने भरत नाही. तेथे वाचलेले साठ लिटर म्हणजे स्वयंपाकाचे, पिण्याचे आणि शेजाऱ्याच्या अडचणीचे पाणी असते.

यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. पगारदारांच्या पतसंस्थांनी उपकरणासाठी कर्ज देताना दरपत्रकासोबत पाण्याचा आणि विजेचा आकडा मागावा. दुकानदारांनी तो किमतीच्या चिठ्ठीवर ठळक लिहावा. आणि घरात जी व्यक्ती पाणी भरते व धुणे करते, तिला दुकानात सोबत न्यावे. पिंपात किती पाणी उरले आहे हे तिला रोज पाहावे लागते. हप्त्याच्या आकड्यापेक्षा लिटरचा आकडा तीच अधिक बारकाईने वाचील.