लागणे : माणसाचे आणि भुताचे

मराठीत एखादा पुरुष बाईच्या मागे लागतो आणि भूतही बाईला लागते. दोन्ही आपत्तींना एकच क्रियापद कसे आले, याचा शोध व्युत्पत्तिकारांनी घ्यावा. आम्हांला येथे एवढेच नोंदवायचे आहे की, दूरचित्रवाणीवरील मराठी थरारमालिकांना ही सोय फार मानवलेली दिसते. कथा सुरू होते ती पहिल्या अर्थाने. कोणी एक पुरुष एका बाईवर डोळा ठेवून असतो, तिची वाट अडवतो, तिच्या घरात शिरकाव करून घेतो. मग काही महिन्यांनी, कधी काही पर्वांनी, कथा हळूच दुसऱ्या अर्थात सरकते. दार वाऱ्याशिवाय वाजू लागते, मेलेला माणूस ओसरीवर बसलेला दिसतो आणि पाठलागाची गोष्ट झपाटण्याची गोष्ट होते. या वळणाचा आपल्या समीक्षेने फारसा विचार केलेला नाही. मालिका हा विषयच मुळात विचार करण्याजोगा नव्हे, अशी आपली एक समजूत आहे. परंतु आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांनी कथेचे जे पहिले संस्कार घेतलेले असतात, ते बहुतांशी रात्री साडेदहाच्या मालिकांचेच असतात, हे शिक्षकांनी मान्य करावयास हवे.

आमचा आक्षेप भुताला नाही. भुतावर आक्षेप घ्यावयाचा तर नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांना मराठी कथेतून उठवावे लागेल. मतकरींच्या कथांवर आधारलेली ‘गहिरे पाणी’ ही मालिका त्या काळच्या अल्फा मराठीवर लोकांनी आवडीने पाहिली. धारपांच्या कथांवर ‘अनोळखी दिशा’ ही मालिका २०११ साली आली. त्या कथांतले भय आरंभापासूनच अद्भुताच्या प्रदेशातले असते आणि वाचक ते जाणून आत पाऊल टाकतो. आमचा प्रश्न वेगळा आहे. जी कथा माणसाच्या गुन्ह्याने सुरू झाली, ती भुताकडे वळते तेव्हा त्या गुन्ह्याचे काय होते?

या प्रश्नाचे सर्वांत सोयीचे उदाहरण ‘रात्रीस खेळ चाले’ हे आहे. झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेच्या पहिल्या पर्वाची सुरुवात अण्णा नाईक या घरच्या कर्त्या पुरुषाच्या मृत्यूने होते. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा, त्यातली कुजबुज, शंका, सावल्या हे सगळे भुताटकीच्या थाटाचे होते; पण अखेरचा उलगडा माणसाच्या हाताशीच येऊन थांबला. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेले दुसरे पर्व काळात मागे गेले आणि जिवंत अण्णा नाईक आपल्यासमोर आला. परस्त्रीवर डोळा ठेवणारा, हव्यासापायी माणसे मारणारा आणि तरीही गावात मान राखून असलेला हा मनुष्य माधव अभ्यंकरांनी असा उभा केला की, तो घराघरांत नावाने ओळखला जाऊ लागला. शेवंताच्या मागे तो कसा लागला हे त्या पर्वाने तपशिलाने दाखवले. ज्यांना त्याने मारले ते पुढे त्याला दिसू लागतात. मार्च २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या पर्वात मात्र अण्णा आणि शेवंता हे दोघेही भूत होऊन वाड्यात वावरतात.

वरवर पाहता दोन्ही पर्वांत भुतेच आहेत. तरी त्या दोन वळणांत आम्हांला मूलभूत भेद दिसतो. दुसऱ्या पर्वात परत येतात ते मारले गेलेले. अण्णाला कोणी पकडत नाही, कोणी जाब विचारत नाही. गावाने जे विचारावयास हवे होते, ते मेलेल्यांना येऊन विचारावे लागते. येथे भूत म्हणजे गावाने गिळलेली आठवण आहे. तिसऱ्या पर्वात मारणाराच परत येतो. तो आता अपराधी उरलेला नसतो. तो एक शक्ती झालेला असतो, आणि शक्तीवर खटला चालवता येत नाही. त्याच्याशी व्यवहार उरतो तो बंदोबस्ताचा. अशा कथेपुढे विचारावयाचा प्रश्न आमच्या मते अगदी साधा आहे : परत कोण येते? ज्याच्यावर अन्याय झाला तो, की ज्याने केला तो?

आपल्या लोकपरंपरेने हा भेद नीट राखला होता. बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते, अशी समजूत आहे. म्हणजे ज्या मृत्यूची जबाबदारी घराने घ्यावयाची, ती घेतली गेली नाही की बाई परत येते. हा समज खरा मानण्याचे कारण नाही, परंतु त्यामागे एक नैतिक हिशेब आहे. मुंजाचे तसे नाही. मुंज झालेला आणि लग्नाआधी मेलेला हा मुलगा पिंपळावर राहतो, त्याची इच्छा अपुरी असते, आणि ती पुरी व्हावी म्हणून तो इतरांच्या मागे लागतो. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ या जून २०२४ मधील हिंदी चित्रपटाने नेमके हेच हेरले. वयाने मोठ्या असलेल्या मुन्नीशीच लग्न करीन, असा हट्ट धरलेला कोकणातला एक मुलगा मरतो आणि पुढे दोन पिढ्यांनंतर तिच्या नातीच्या मागे लागतो. नकार न पचवणाऱ्या पुरुषाचे याहून स्वच्छ चित्र मिळणे कठीण. पण तो भूत आहे, त्यातही पोरगेलेसे भूत आहे, म्हणून चित्रपटगृहात आपण त्याच्या हट्टाला हसतो. तोच हट्ट शेजारच्या गल्लीतल्या वीस वर्षांच्या मुलाने धरला, तर हसू येईल काय?

हा पेच केवळ आपला नाही. १९७८ साली अमेरिकेत जॉन कार्पेंटर या एकाच दिग्दर्शकाची या विषयावरची दोन कामे महिन्याभराच्या अंतराने लोकांसमोर आली. ‘समवन्स वॉचिंग मी!’ हा दूरचित्रवाणीसाठी केलेला चित्रपट. उंच इमारतीत एकटी राहणारी एक स्त्री, समोरून दुर्बिणीने तिच्यावर पाळत ठेवणारा एक पुरुष, आणि अजून काही घडलेले नाही तोवर आम्ही काय करणार, असे म्हणणारे पोलीस. दुसरा ‘हॅलोविन’. त्यातला पाठलाग करणारा मायकेल मायर्स सहा गोळ्या खाऊन सज्जातून खाली कोसळतो आणि पुन्हा पाहावे तो जागेवर नसतो. जगाने लक्षात ठेवला तो दुसरा. माणूस माणूस राहिला तर कथा संपते. तो अमर झाला तर पुढचे भाग निघत राहतात. दैनंदिन मालिकेचे अर्थशास्त्रही याहून निराळे नाही. मेलेल्या खलपुरुषाला आणखी वर्षभर कामावर ठेवण्याची सोय भुताइतकी स्वस्तात दुसरे कोण देणार?

आता हा विचार शिरवळला बसून करण्याचे कारण सांगितले पाहिजे. शिरवळ हे नीरेकाठचे, पुणे-सातारा महामार्गावरचे गाव. येथून दक्षिणेला खंबाटकी घाट ओलांडला की सुरूरच्या फाट्यावरून वाईचा रस्ता लागतो, आणि वाईपलीकडे धोम. ऑगस्ट २०१६ मध्ये त्या परिसरात जमिनीत पुरलेले मृतदेह सापडू लागले. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसाने २००३ पासून सहा जणांचे खून केल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. त्या सहांत पाच स्त्रिया होत्या. ‘देवमाणूस’ ही ३१ ऑगस्ट २०२० पासून झी मराठीवर दिसलेली मालिका याच प्रकरणावरून सुचलेली म्हणून ओळखली जाते. किरण गायकवाड यांनी त्यात रंगवलेला डॉक्टर गोड बोलतो, औषध देतो, आणि बायकांना हेरून संपवतो. मालिका १५ ऑगस्ट २०२१ ला संपली. परंतु डॉक्टर संपला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरे पर्व आले आणि जून २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ सुरू झाला.

या मालिकेतले भय भुताचे नाही, माणसाचे आहे. तरी अद्भुताचे वळण तिच्या शीर्षकातच बसलेले आहे, असे आम्हांला वाटते. गावाने डॉक्टरला देवमाणूस म्हटले त्या क्षणी तो माणसांच्या हिशेबातून बाहेर गेला. देव केला काय आणि भूत केले काय, परिणाम एकच : त्याला प्रश्न विचारण्याचे कोणाला सुचत नाही. मालिकेचा हा उपरोध पहिल्या काही आठवड्यांत तीक्ष्ण होता. पुढे पुढे प्रेक्षकच त्या डॉक्टरच्या चातुर्यावर लुब्ध झाले आणि आज तो कसा निसटतो, ही उत्सुकता शिल्लक राहिली. ज्या बाया नाहीशा झाल्या, त्यांच्या घरी काय झाले असेल, ही उत्सुकता मालिकेने वाढवली नाही. घाटापलीकडे तेरा वर्षांत माणसे नाहीशी होत गेली आणि त्यांचा एकमेकांशी संबंध लागला नाही, हे खरे भय होते. ते पडद्यावर यावयास हवे होते.

सातारा जिल्ह्याला या विषयाचा आणखी एक संदर्भ आहे. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच राज्याने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि वर्षअखेरीस त्याचा कायदा झाला. भूत लागले म्हणून बाईला बांधणे, मारणे हा त्याने गुन्हा ठरला. त्याच २०१३ साली फौजदारी कायद्यातील दुरुस्तीने भारतीय दंडसंहितेत कलम ३५४-ड आले आणि बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही तिच्या मागे लागणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. ‘लागणे’ या क्रियापदाच्या दोन्ही अर्थांची कायद्याने एकाच वर्षी दखल घ्यावी, हा योगायोग आम्हांला विचार करायला लावतो.

कारण या दोन्ही प्रसंगी घर बहुधा एकच उपाय करते. भूत लागलेल्या बाईला कोंडतात. जिच्या मागे कोणी लागले आहे, त्या मुलीचे कॉलेज बंद करतात. दोन्हीकडे जिला लागले तिचाच बंदोबस्त होतो, जो लागला तो मोकळा राहतो. १९९० साली उल्हासनगरात परीक्षेला बसलेल्या मुलीला जाळण्यात आले, १९९८ साली सांगलीत एका तरुणीचा रस्त्यावर खून झाला. दोन्ही घटनांना ‘एकतर्फी प्रेमाचा बळी’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली. प्रेम हा शब्दही येथे भुतासारखाच वापरला गेला : करणारा कोणी नाही, ते आपोआप लागते.

म्हणून मालिकेने भूत दाखवावे की नाही, या वादात आम्हांला रस नाही. त्या वादात एका बाजूला बंदीची मागणी असते आणि दुसऱ्या बाजूला ‘मनोरंजन म्हणून पाहा’ हे उत्तर. दोन्हींत कथेचे वाचन नसते. कथा शिकवणाऱ्यांनी ते वाचन करावे. शिरवळच्या आसपासच्या खेड्यांतून एसटीने महाविद्यालयात येणाऱ्या मुली या मालिका पाहूनच येतात, आणि कोणी मागे लागणे म्हणजे काय, हे त्यांना पटकथाकारापेक्षा अधिक नेमके ठाऊक असते. अद्भुतकथेच्या तासाला हडळ, मुंजा आणि अण्णा नाईक यांना एका ओळीत बसवून, यांतले कोण कशासाठी परत आले, एवढे त्या वर्गाला विचारून पाहावे. मुलींची उत्तरे आणि मुलांची उत्तरे सारखी येणार नाहीत, असा आमचा अंदाज आहे. आणि त्या तफावतीवर खर्च झालेला तास अभ्यासक्रमाबाहेरचा मानू नये.