थांबता येत होतं, तरी...

"विली लोमन कसला रे शोकनायक? सेल्समन होता, नोकरी गेली, हप्ते थकले, जीव दिला. असल्या बातम्या रोज पेपरात येतात!" आमच्या एका मित्राने शुक्रवारी रात्री जेवताना हे फेकलं. आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' माझं आवडतं नाटक, त्यामुळे मी लगेच तावातावाने भांडलो. पण घरी आल्यावर वाटलं, आपल्याला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज शनिवारची झोप सोडून पुन्हा ते नाटक काढून बसलो.

मित्राचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. त्याच्या बाजूने खुद्द ॲरिस्टॉटल उभा आहे. सुमारे २३०० वर्षांपूर्वी त्याने लिहून ठेवलंय की शोकांतिकेचा नायक अगदी सद्गुणांचा पुतळा नको आणि दुष्टही नको. तो नावलौकिकाचा, भरभराटीतला माणूस हवा, आणि त्याचा घात 'हमार्शिया'मुळे व्हायला हवा. गाइडांमध्ये या शब्दाचा अर्थ सरसकट 'स्वभावातला दोष' असा दिलेला असतो. पण मूळ ग्रीक शब्दात नेम चुकण्याचा अर्थ आहे. माणूस वाईट नाही, नेम चुकला.

ॲरिस्टॉटलचं लाडकं उदाहरण म्हणजे सोफोक्लिसचा राजा इडिपस. बापाला मारलं, आईशी लग्न केलं, हे आपल्याला माहीत असतं. पण गंमत बघा, यातलं काहीच नाटकात घडत नाही! ते सगळं पडदा उघडण्याच्या कित्येक वर्षं आधीच होऊन गेलंय. रंगमंचावर इडिपस फक्त एकच गोष्ट करतो, चौकशी. राज्यात साथ आलीये, आधीच्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय ती जाणार नाही, म्हणून हा स्वतः शोधायला बसतो. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन बंद पडलंय, आणि रूट कॉज शोधणाऱ्यालाच शेवटी कळतं की बग आपल्याच कोडमध्ये आहे.

त्याला थांबवायचा प्रयत्न तिघं करतात. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस, राणी जोकास्टा आणि शेवटी तो म्हातारा धनगर. तिघंही म्हणतात, नको विचारूस. धनगराच्या वेळेपर्यंत तर इडिपसला अंदाज आलेलाच असतो. तरी तो विचारतोच. ज्या हट्टाने तो राजा झाला, त्याच हट्टाने तो बुडतो.

आता विली लोमनकडे या. वय ६३, मालक नोकरीवरून काढतो. शेजारी चार्ली दर आठवड्याला त्याला पैसे देत असतो आणि चक्क नोकरीही देऊ करतो. विली पैसे घेतो, पण नोकरी घेत नाही! कारण ती घेतली की आपण मोठे सेल्समन नव्हतो हे कबूल करावं लागेल. शेवटी विम्याच्या २०,००० डॉलर्ससाठी तो गाडी घेऊन निघतो. इडिपस सत्याच्या मागे लागून संपतो, विली सत्यापासून पळता पळता. पण थांबायची जागा दोघांनाही होती.

मिलरने १९४९ साली याच विषयावर एक लेखही लिहिला. त्याचा मुद्दा साधा आहे. आपला आत्मसन्मान राखण्यासाठी जीव पणाला लावायला तयार असलेला माणूस, मग तो राजा असो की सेल्समन, शोकनायक होऊ शकतो. आपल्या 'नटसम्राट'मधले (१९७०) गणपतराव बेलवलकर आठवा. मुलीच्या घरात चोरीचा आळ आल्यावर मान खाली घालून दोन वेळचं जेवता आलं असतं. कितीतरी म्हातारे जेवतातच की. ते नाही जेवू शकले.

म्हणजे मला वाटतं, किती उंचावरून पडला हा प्रश्नच नाही. ज्याच्यावर नुसता दुःखाचा डोंगर कोसळतो, तो बिचारा. ज्याला थांबता येत होतं, पण थांबलो तर मी 'मी' उरणार नाही म्हणून जो थांबला नाही, तो शोकनायक.

एवढं लिहून झाल्यावर एक गोष्ट आठवली, जी मी मित्राला सांगितलेली नाही. गेल्या वर्षी एका रिलीजनंतर आमची सिस्टिम रात्री झोपली. पहाटे दोनला लॉग बघताना कळलं, चूक माझ्याच कमिटमध्ये आहे. मी गुपचूप फिक्स टाकला आणि तिकिटावर 'कॉन्फिगरेशनचा प्रॉब्लेम' लिहून ते बंद केलं. कॉन्फिगरेशन बघत होता टीममधला नवा मुलगा. दुसऱ्या दिवशी कॉलवर त्याने बोलणी खाल्ली. मी म्यूटवर होतो.

मला थांबवायला कुठला टायरेसियस लागला नाही. मी आपणहूनच थांबलो, आणि रेटिंगही चांगलं मिळालं.

असो. तो मुलगा अजून आमच्याच टीममध्ये आहे. सोमवारी त्याला चहाला घेऊन जाणार आहे. बघू, तोंडातून शब्द फुटतो का ते.