आढ्याखालची जागा

'माळ्यावर टाक!' आमच्या घरात हे वाक्य दिवसातून एकदा तरी कुणी ना कुणी म्हणतंच. मोडका पाळणा माळ्यावर. गणपतीच्या मखराच्या पट्ट्या माळ्यावर. सासूबाईंचं घंगाळ, नातवाची तीनचाकी, रिकाम्या बरण्या... ज्याचं काय करायचं ते कळत नाही, ते सगळं माळ्यावर. दापोली तालुक्यातलं आमचं कौलारू, दुपाखी घर. लग्न होऊन इथे आले त्याला तीसेक वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी माळ्यावर चढले ती काहीतरी ठेवायला, नाहीतर काहीतरी काढायला. बसायला कधीच नाही.

३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आलं आणि आमची निम्मी कौलं घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी भिजलेलं सामान काढायला वर गेले, तर डोक्यावर थेट आभाळ! त्या उजेडात मी आमचा माळा पहिल्यांदा धड पाहिला. केवढा मोठा होता तो! खाली मला माझं म्हणावं असं एक कपाट नाही आणि वर एवढी जागा मोडक्या पाळण्याला?

आमच्या वाडीत त्या वादळानंतर बऱ्याच जणांनी पत्रे घातले. आम्ही कौलंच परत घातली. तेव्हाच मी म्हटलं, मला वर खोली करायची आहे. "वर काय करणार तू?" हे म्हणाले. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, गुडघे सांभाळा." गुडघ्यांचं खरं होतं. पण 'काय करणार' हा प्रश्न मला स्वयंपाकघरात कुणी कधी विचारला नव्हता, बरं का!

मग मी गृहसजावटीची मासिकं चाळली. उतरत्या छपरात मोठ्ठी काच, काचेखाली पांढराशुभ्र पलंग. छान दिसतं. पण ती घरं थंड मुलखातली, त्यांना ऊन हवंच असतं. आपल्याकडे पश्चिमेच्या पाखाडीत तशी काच बसवलीत, तर मे महिन्यात त्या पलंगावर पापड वाळतील! त्याऐवजी उत्तरेच्या पाखाडीत काचेची दोन कौलं घातली. उजेड भरपूर आणि झळ कमी. मोडलं तर कौल बदलता येतं, आणि आमच्याकडे वानरं असल्यामुळे ते मोडतंच.

माझं मत विचाराल, तर अशा खोलीत पैसे आधी घालावेत ते जिन्यात. आमची उभी शिडी काढून, हाताला कठडा असलेला जिना केला, तेव्हा कुठे ती खोली झाली. दुसरा खर्च हवेसाठी. ऊन हवा वर चढते आणि आढ्याखाली कोंडते. म्हणून दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत, जमेल तितक्या उंचावर झरोके हवेत, समोरासमोर. वासे दिसू नयेत म्हणून लोक खालून प्लास्टरचं सपाट छत मारून घेतात. ते मला मुळीच पटत नाही. उंची जाते, वर उंदीर नांदतात आणि गळती कुठे आहे ते भिंत ओली होईपर्यंत कळत नाही. आम्ही उताराला धरूनच फळ्यांची तक्तपोशी केली. कौलं आणि फळ्या यांच्यात वीतभर पोकळी ठेवली आणि वळचणीकडे जाळी लावली. फळ्यांना खिळे नाहीत, स्क्रू आहेत. शाकारणीच्या वेळी हवी ती फळी काढता येते. वाशांना वाळवी लागू नये म्हणून सुताराने काजूच्या टरफलांचं तेल लावलं. ते कातडी भाजतं, तेव्हा हौसेने स्वतः हात घालू नका!

सामानाचं म्हणाल, तर उताराशी भांडू नये. आढ्याखाली आठ फूट उंची, वळचणीला अडीच. साडेसहा फुटांचं लोखंडी कपाट तिथे उभं राहणारच नाही. जिथे उभं राहायचं ती जागा मधोमध मोकळी ठेवायची. झोपायची जागा कडेला. पण अगदी कडेला नाही. गादी फूटभर उंच धरली, तर उठून बसायला वर आणखी तीन फूट लागतात. म्हणजे छप्पर चार फुटांवर येतं तिथपर्यंतच गादी, त्यापलीकडे बुटके, चाकांचे खण. हे गणित मी कागदावर नाही, कपाळावर टेंगूळ आल्यावर शिकले. तसबिरी फक्त त्रिकोणी भिंतीवर. पंखाही भिंतीवरचाच.

सुतार म्हणाला होता, "काकू, इथे माणूस उभा कसा राहणार?" म्हटलं, मी पाच फूट आहे, माझं माप घे. घरात बाईच्या मापाने झालेली ही पहिलीच जागा असावी! यांना टेबलापाशी यायचं तर वाकावं लागतं. मी काही बोलत नाही.

एक मात्र सांगायला हवं. छपराखालची जागा जगभर बिनवटीच्या माणसांना मिळत आली आहे. पॅरिसच्या श्रीमंत इमारतींत एकोणिसाव्या शतकात मोलकरणींच्या खोल्या थेट छपराखाली असत. मुंबईत माझ्या मामाच्या चाळीतल्या घरी पोटमाळा होता. आधी तिथे नवीन जोडपं झोपायचं, पुढे आजोबांना तिथेच गादी घातली. सरळ उभं राहता यायचं नाही. म्हणून कुणी 'सासूबाईंसाठी वर छान खोली केलीय' असं सांगितलं, की मी आधी विचारते, वर जायचं कुणी ठरवलं? आणि रात्री उठून खाली मोरीत कसं जायचं?

माझी खोली झाली. शिवणयंत्र आलं, वाचायची पुस्तकं आली, दुपारचे दोन तास माझे झाले. पावसात कौलांवर असा आवाज होतो, की खालून मारलेली हाक ऐकूच येत नाही. (कधीकधी ऐकू येते.)

आता मुलाच्या डोक्यात होमस्टे आहे. "आई, समुद्र इतका जवळ, आणि माळ्याचे फोटो असले येतात ना! पुण्यामुंबईचे लोक उड्या मारतील." मी म्हटलं, खालची ओटीवरची खोली दे. तो म्हणतो, तिथे वेगळं काही नाही. सूनबाई मधे काहीच बोलली नाही. रात्री मात्र हळूच म्हणाली, "आई, देऊ नका. तुम्ही नसाल तेव्हा मी बसते तिथे."

जिन्याच्या दाराला आतून कडी असावी की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. सुतार सोमवारी येणार आहे. कडी मी आणून ठेवली आहे.