टाकी बांधली, निगा कोण राखणार?

शेणखताचा खड्डा केव्हा भरला व केव्हा उपसावयाचा, हे शेतकऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरामागील संडासची टाकी दहा-दहा वर्षे उघडली जात नाही. ‘टाकी मोठी बांधली आहे, ती भरतच नाही,’ असे तो अभिमानाने सांगतो. हा अभिमान अस्थानी आहे.

टाकीत मैल्याचा जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग सायीप्रमाणे वर तरंगतो आणि मधले पाणी बाहेर पडते. हवेवाचून जगणारे जिवाणू मैला कुजवितात. तथापि सर्व मैला नाहीसा होत नाही. गाळ साचत जातो. तो फार वाढला म्हणजे पाण्याबरोबर वाहून शोषखड्ड्यात जातो, तेथील छिद्रे बुजवितो आणि शेवटी विहिरीच्या पाण्यास धोका उत्पन्न करतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घेणे अगत्याचे आहे.

एरवीची निगा सोपी आहे. चिंध्या, प्लॅस्टिक, राख व स्वयंपाकघरातील तेल टाकीत जाऊ देऊ नये. आम्ल किंवा जंतुनाशके भरमसाट ओतू नयेत. त्यायोगे उपयोगी जिवाणूच मरतात. जिवाणू वाढविण्यासाठी विकत मिळणाऱ्या पुड्यांची गरज नाही. ते मैल्यातच असतात. पागोळ्यांचे पाणी टाकीत सोडू नये. हवेच्या नळीस जाळी बांधावी, म्हणजे डासांची पैदास थांबते. टाकीतून निघणारे पाणी निवळ दिसले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. ते उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यात जिरवावे, आणि हा शोषखड्डा विहिरीपासून निदान 18 मीटर दूर असावा.

टाकी उपसण्याच्या कामी एका गोष्टीत तडजोड होता कामा नये. माणूस आत उतरवू नये. टाकीत विषारी वायू साचलेले असतात. पहिला मनुष्य बेशुद्ध पडतो आणि त्यास वाचविण्यास उतरलेला दुसराही प्राणास मुकतो. संरक्षक साधनांवाचून असे काम करवून घेणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. थोडे पैसे वाचविण्यासाठी गरिबाचा जीव पणास लावणे हे कायद्याच्याही आधी माणुसकीस सोडून आहे. उपसा यंत्राच्या गाडीनेच व्हावा.

एका गावास अशी गाडी परवडत नसेल, तर चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून ती ठरवावी. गावातील टाक्यांची नोंदवही ठेवून उपशाची पाळी लावून देणे हे काम गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अंगावर घेण्याजोगे आहे. उपसलेला गाळ ओढ्यात ओतू नये व ताजा असता भाजीपाल्यासही घालू नये. तो प्रक्रिया केंद्रावर न्यावा. जेथे गाडी पोहोचणेच कठीण, तेथे नवे संडास दोन शोषखड्ड्यांचे बांधावेत. भरलेला खड्डा दोन वर्षे बंद ठेवला असता मैल्याचे मातीसारखे खत होते.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सफाई आणि सोनखत यांची सांगड घालून दाखविली. शेतकऱ्यास खताचे मोल ठाऊक आहे. खताच्या खड्ड्याकडे तो ज्या दक्षतेने पाहतो, त्याच दक्षतेने त्याने टाकीकडे पाहिले पाहिजे.